अक्का मौखिकीला आली

माझ्या पीएच.डी.च्या मौखिकीला माझी थोरली बहीण, अक्का, निलंग्याहून पहिल्या एसटीनं नांदेडला आली. अंगावर ठेवणीतली साडी, पिशवीत परीक्षकांसाठी धपाटे. माझा विषय होता डिस्लेक्सियावरच्या, म्हणजे अक्षरं वाचता न येण्याच्या अडचणीवरच्या, संशोधनाचे बदलते कल.

अक्काची शाळा चौथीत सुटली. अक्षरं तिच्या हाती लागतच नव्हती. गुरुजी ‘मठ्ठ’ म्हणाले, मग घरचे म्हणू लागले, आणि लग्नानंतर ते नाव तिच्या मागोमाग सासरीही पोचलं. अख्ख्या भावकीची नाती तिला तोंडपाठ होती, पण त्याला कोण विचारतो!

संशोधन सुरू केल्यावर मी तिला फोनवर सांगितलं, की याला नाव आहे, यात अकलेचा दोष नसतो. पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, “हे तू चार माणसांत सांगशील का?”

तेवढंच ऐकायला ती आली होती.

मी पडद्यावर वर्षागणिक वाढत गेलेल्या अभ्यासांचा आलेख दाखवला. आधी अभ्यास डोळ्यांभोवती फिरत, मग ते आवाजांकडे वळले, आता मेंदूची चित्रं निघतात. अक्का पहिल्या रांगेतून त्या वर जाणाऱ्या रेघेकडं कौतुकानं बघत होती.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “शाळा सोडलेली माणसं यात कुठंच का दिसत नाहीत?”

“सर, पुरेसं शिकवूनही वाचता न येणं, ही डिस्लेक्सिया ठरवण्याची मूळ अट आहे. शाळा अर्ध्यात सुटलेल्यांना बहुतेक अभ्यास वगळतात.”

सर खूश झाले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. वाचता येत नाही म्हणून शाळेतून काढायचं, आणि शाळेत नव्हती म्हणून मोजायचं नाही! पण उत्तर बरोबर होतं. टाळ्याही पडल्या.

पेढे वाटून झाल्यावर मी तिला बसस्थानकावर सोडायला गेले.

“लई चांगलं बोललीस बाई,” ती म्हणाली. मग पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. “त्या सरांला सांगितलंस ते कळलं मला. म्हंजे त्यांच्यातबी मी न्हाई.”

“अक्का, तसं नाही गं...”

“ऱ्हाऊ दे.”

मला रडू आवरेना. तेवढ्यात फलाटावर गाडी लागली. अक्कानं पाटीकडं पाहिलं, आणि पलीकडं उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला विचारलं, “माय, ही निलंग्याचीच हाय ना?”

मी तिच्या शेजारीच उभी होते.