म्हाळसेला माझं नाक

आमच्या देवघरातल्या खंडोबा-म्हाळसेच्या टाकांना चेहरे नव्हते. ते घालवले मीच. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधून नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासूबाईंवर छाप पाडायची होती. म्हणून ते चांदीचे पातळ टाक मी विटकरीच्या पुडीनं घासले. रोज, वर्षभर, तांब्याचा बंब घासावा तसे. देव लखलखले आणि नाकडोळे गेले. सासूबाईंनी टाक उजेडात धरून पाहिले. म्हणाल्या, "हात जोरकस आहे गं तुझा. उद्यापासून नुसतं पाणी घाल." बस्स, एवढंच. चार माणसांत कधी शब्द काढला नाही.

नात सयाजीगंजातल्या एका ऑफिसात मोबाइलच्या गेमसाठी चित्रं काढायची. पहिलीच नोकरी. चार वर्षांपूर्वी तिच्याकडे खंडोबाचा गेम आला. बघून काढावं म्हणून तिनं टाक हातात घेतले आणि हसायलाच लागली.

"आजी, यांना तोंडच नाही! काढू काय?"

"काढ तुझ्या मनानं," मी म्हटलं. खरं कारण कोण सांगतंय!

आठवड्यानं तिनं फोन पुढे धरला. घोड्यावर देव, हातात खंडा, मागे म्हाळसा. म्हाळसेचं नाक पोपटाच्या चोचीसारखं.

"हे कुणाचं गं?"

"तुझंच. दुसरं कुठून आणू?"

मी तेव्हा अडुसष्टची, म्हणजे अगदीच अल्लड. चित्र माझ्या फोनवर घेतलं आणि रिक्षा करून मांजलपूरला भजनी मंडळात दाखवायला गेले.

"काय ताठ बसल्यात काकू घोड्यावर! इथे जिना चढवत नाही!" बायका हसल्या. मी फुगले. मंडळ चालवणाऱ्या वहिनींना ते काही सोसेना.

"सरस आहे हं. पण खेळणारा हरला की देवीचं काय होतं?"

मला काय ठाऊक! मी सगळ्यांसमोर नातीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"लाइफ संपली की पडते गं आजी. मग परत उठते."

"म्हणजे पोरं संडासात बसून देवीला पाडणार?" वहिनी म्हणाल्या, आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पडते आणि उठते, यात वाईट ते काय, एवढं विचारायचं होतं. पण आत्ता मिरवत होते ना मी! लाज झाकायला सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले, "हे चालायचं नाही!" ऑफिसला अर्ज करायचं ठरलं. अक्षर माझं चांगलं, म्हणून तो मीच लिहिला. पहिली सहीही माझीच.

वहिनींनी त्या अर्जाचा फोटो कुठे कुठे पाठवला. दोन दिवसांनी ऑफिसखाली कुठलीशी माणसं जमली. कुणी कुणाला हात लावला नाही. ऑफिसनं गेम काढला आणि नातीलाही काढलं. साहेबानं तो अर्ज तिच्यासमोर ठेवला होता. माझं अक्षर तिला ओळखू येणार नाही होय? बाराखडी मीच गिरवून घेतली होती तिच्याकडून.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "मला घरात ओरडायचंस ना, आजी."

आता ती पुण्यात असते. फळं कापायच्या गेमसाठी कलिंगडं काढते. दिवाळीला येते, "हो आजी", "बरं आजी" म्हणते आणि जाते.

यंदा चंपाषष्ठीच्या आधी मुलगा म्हणाला, "आई, टाक नवे करून घेऊ." सोनारानं साचे मांडले. सगळे एकाच तोंडाचे. मी दुकानातूनच नातीला फोन केला. या वेळी स्पीकर बंद ठेवला.

"ते म्हाळसेचं चित्र आहे का गं तुझ्याकडे? माझ्या फोनमधलं मी तेव्हाच काढून टाकलं. सोनाराला दाखवते."

"नाही आजी. पुसलं."

"सगळं?"

"चेहरा आधी."

साच्यातले टाक आले. नाक सरळ, डोळे मोठे, घरोघरी असतात तसे. मी रोज नुसतं पाणी घालते.