मीठ कमी

वृद्धाश्रमात आल्यापासून पायांपेक्षा माझे कानच जास्त थकतात. दोन घास जास्त खाल्ले तरी ‘शाब्बास आजी’, वेणी घालून घेतली तरी ‘किती गोड!’ माणसं मनापासून बोलतात, म्हणून रागावताही येत नाही.

माझ्या खोलीतल्या कमलताई हल्ली जेवणच नको म्हणायच्या. काल स्वयंपाकघरातल्या सुनंदाने त्यांना विचारलं, “मग काय खावंसं वाटतं?”

“माझ्या हातचं पिठलं.”

सुनंदाने त्यांची चाकाची खुर्ची गॅसजवळ नेली. कमलताईंच्या हातून बेसन ओट्यावर सांडलं, गुठळ्या झाल्या, पण हातातला डाव त्यांनी कोणाला दिला नाही.

पंगतीत सगळे ‘वा वा’ म्हणाले. कमलताई मान खाली घालून बसल्या. तेवढ्यात समोरचे जोशीकाका म्हणाले, “मीठ कमी आहे हो. आणि गुठळ्याही आहेत.”

सुनंदा गोरीमोरी झाली. कमलताईंनी मात्र मान वर केली. “बेसन चाळायचं राहिलं. उद्या करते, तेव्हा सांगा!”

वय झालं की माणसाचं कौतुक वाढतं आणि त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा उरत नाही. मला शिणवतं ते हेच असावं.

“मिरचीही थोडी जास्त हवी होती,” मी म्हणाले.

“तुम्हाला सोसायची नाही,” कमलताई फणकारल्या, आणि त्यांनी आपल्या ताटात पिठलं वाढून घेतलं.