भेगाबाई आणि अर्धा बीम

शिलाई हॉलच्या दारावर मॅनेजरने फलक ठोकलाय: 'व्यवस्थापनाच्या दक्षतेमुळे वेळीच खबरदारी घेण्यात आली.' दक्षता! डोळ्यांवर कातडं ओढून बसण्याला दक्षता म्हणायचं असेल, तर मांजरालाही दुधाचा राखणदार म्हणा. खबरदारी कुणी घेतली ते मी, इथल्या युनियनचा माणूस, लिहितो.

तिला आमच्या हॉलमधल्या बायका भेगाबाई म्हणतात. इंजिनिअरच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बीम मोडायची. खरा नाही, चित्रातला. वजन वाढवत न्यायचं, भेग कुठे उघडते, कुठवर चढते ते पाहायचं. मग बळकटीसाठी खालून कार्बनचं कापड चिकटवायचं, तेही चित्रातच, आणि पुन्हा वजन घालायचं. तिची आई वैतागायची, "जगाच्या भेगा बघत बसतेस, आधी स्वतःच्या टाचांना मलम लाव." पाहुण्यांनी विचारलं, मुलगी काय करते, तर आई सांगायची, "मोडते."

आमच्या हॉलच्या छतावर पाण्याची टाकी आहे, इस्त्रीच्या वाफेसाठी. तिच्या खालच्या बीमला तडे गेले तेव्हा मालकाने तळाशी हेच काळं कापड चिकटवून घेतलं. हिशेब भेगाबाईचा. त्याच बीमखाली माझी ताई शिवायला बसते. आता सांगा, मी गप्प बसू?

काम झाल्यावर बाई फोटो काढायला आली. ताईने मशीन न थांबवता खिडकीकडे मान उडवली. "तिकडचाही काढा. नवी पाहुणी आलीये."

कापडाच्या कडेपासून एक तिरपी भेग वर गेली होती, पाइपासाठी मागाहून पाडलेल्या भोकाकडे.

"इथे भेग येत नाही," बाई म्हणाली.

"येत नाही? मग ही काय मी खडूने काढली?" मी खवळलो. "विचारा तुमच्या कॉम्प्युटरला!"

ती स्टुलावर चढली आणि किल्लीने कापड ठोकत सरकली. टक, टक, टक. भेगेपाशी आवाज पोकळ झाला. तिथे कापड सुटलं होतं. ती खाली उतरली.

"माझ्याकडे ही बाजूच नाही."

"म्हणजे?"

"बीम दोन्हीकडे सारखा धरून आम्ही चित्रात अर्धाच काढतो. काम लवकर उरकतं. उरलेला अर्धा आरशातला. कापडही कुठे सुटणार नाही असं धरलं होतं. भोकाचं मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही बघायला आले नाही."

माझं डोकं सणकलं. "अहो, आरशातल्या बायका मरत नाहीत! इथल्या मरतात!"

"ए, हळू!" ताई माझ्यावरच डाफरली. "ती कबूल तरी करतेय. तुझा मॅनेजर करेल?"

तो आलाच. भेगाबाई म्हणाली, "हॉल रिकामा करा. टाकीही. आत्ता."

"मॅडम, माल आज जायचाय. आणि कार्बन आहे ते, लोखंडापेक्षा दणकट. तुमच्याच अहवालात लिहिलंय."

"कापड दणकटच आहे हो. चिकटलेलं नाही."

"उद्या मालकांशी बोलून बघू."

उद्या! डोक्यावर टाकी, खाली बायका, आणि याचं उद्या! मी बाह्या सरसावल्या, पण ती माझ्या पुढे निघाली. ऑफिसच्या चपला काढल्या, बाहेरची लोखंडी शिडी चढली आणि टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी धो धो अंगणात. मॅनेजरचे बूट भिजले, तेवढाच जिवाला थंडावा. ताईने मशीन बंद केली. "चला गं बाहेर!" सगळ्या उठल्या.

संध्याकाळी तिच्या ऑफिसने तिला काढलं. गिऱ्हाइकाच्या मालमत्तेला हात लावला म्हणे! माणसं वाचवली ती कुठल्या खात्यात धरायची? घरी आईने विचारलं, "काय गं, आज काय मोडलंस?" ती म्हणाली, "नोकरी."

आता बीमला टेकू लागलेत. मॅनेजर म्हणतो, टेकू आहेत ना, मग भरू टाकी. आमच्या युनियनच्या खोलीत भेगाबाई कॉम्प्युटरवर पूर्ण बीम काढतेय, भोकासकट, सुटलेल्या कापडासकट. तिने बजावलंय, तो होईपर्यंत थेंब वर चढू द्यायचा नाही. म्हणून टाकीत पाणी नेणाऱ्या पाइपाच्या व्हॉल्व्हला आम्ही साखळी घालून कुलूप ठोकलंय. किल्ली ताईच्या गळ्यात.

मॅनेजर रोज मागायला येतो. ताई दारावरच्या फलकाकडे बोट दाखवते.

"साहेब, दक्षता घेतोय."