अंगठ्याच्या दुखण्याचा सौदा

चहा घ्या आधी, गार होईल. मी लंगडतोय ते तुम्ही बघितलंच आहे, तेव्हा माझ्याच तोंडून ऐका. आमच्या हिच्याकडून ऐकलंत तर ती तिखटमीठ लावून सांगेल.

पायाच्या अंगठ्याचं नख मांसात घुसलं होतं. दुर्गदबैलच्या बाजारात आपलं कापडाचं दुकान, दिवसभर उभं राहायचं. शेवटी चप्पल घालणंसुद्धा मुश्कील झालं, तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण, हसतमुख. नख बघून म्हणाले, "एवढंच? कोपरा कापून काढू. मुंगी चावल्यागत होतंय बघा, अण्णा."

आता मला सांगा, ही डॉक्टरांची मुंगी असते तरी कसली? लहानपणी सुई टोचली तेव्हा हीच मुंगी, दाढ काढली तेव्हाही हीच. आमच्या घरातल्या मुंग्या चावल्या तर माणूस जरा खाजवतो आणि कामाला लागतो. ह्यांच्या मुंगीला कोण काय खायला घालतं? आणि ती ह्यांना स्वतःला कधी चावलीय का? मी विचारणारच होतो, तेवढ्यात त्यांनीच मला विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?"

खरं म्हणजे आठ दुखत होतं. पण आमच्या बाजारात खरा आकडा पहिल्या झटक्यात कुणी सांगतं का? समोरचा पाडून मागणार, हे धरूनच बोलायचं. मी म्हटलं, "दहा."

डॉक्टर हसले. दहा दुखलं तर माणसाच्या तोंडातनं शब्द फुटत नाही म्हणे. "तुम्ही चालत आलाय. तीन धरू."

तीन? सकाळची भवानी व्हायची असती तरी तिनाला मी दिलं नसतं. मी नऊवर आलो, ते साडेतीनवर गेले. मी म्हटलं आठाच्या खाली परवडत नाही, ते चारावर अडून बसले. मग सवयीप्रमाणे मी तोंड वाकडं केलं आणि सवयीप्रमाणेच बोलून गेलो, "जाऊ दे डॉक्टर. तुमचं नको, माझं नको. पाच."

"बरं, पाच," डॉक्टर म्हणाले.

मी खूश. तिनावरच्या माणसाला पाचावर आणला होता. नर्सबाई तोंडावर हात धरून का हसतायत, ते मात्र कळेना. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, चिमटा उचलला. मी विचारलं, भुलीचं इंजेक्शन?

"ते पाचाच्या वर असेल तर देतो. पाचाला कशाला, अण्णा?"

सौदा ठरल्यावर शब्द फिरवणं आमच्या घराण्यात नाही. गप्प पडून राहिलो. म्हणजे, चिमटा लागेपर्यंत. मग असा काही ओरडलो, की बाहेर बसलेल्यांपैकी दोघं उठून घरी गेले. मुंगी कसली, बैलानं शिंग घातलं असतं तरी मी कमी ओरडलो असतो.

पट्टी बांधून घेऊन मी शेजारच्या बाकावर टेकलो होतो, तर कलघटगीच्या गिरिजक्का आत आल्या. माझ्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक. कोपरावर गळू झालं होतं. डॉक्टरांनी तीच मुंगी काढली आणि तोच प्रश्न विचारला.

अक्का म्हणाल्या, "हत्तु." म्हणजे दहा.

डॉक्टर तीन म्हणाले. अक्कांनी पिशवी काखेत मारली आणि निघाल्या. पायरी उतरल्या मात्र, डॉक्टरांनी मागनं हाक मारली, "बर्री अक्का, बर्री," म्हणजे या, परत या, आणि निमूट भुलीचं इंजेक्शन भरायला घेतलं.

अहो, हाच डाव त्या वर्षानुवर्षं माझ्या दुकानात टाकतात, आणि दर वेळी हाक मारणारा मी असतो.

गळू फोडून झालं तरी अक्कांच्या कपाळावर आठी नव्हती. जाताना माझा अंगठा बघून थांबल्या. मी सगळा सौदा सांगितला. म्हणाल्या, "मग उठून चालू लागायचं की, अण्णा."

"कसा उठणार, अक्का? आठ दुखत होतं."

"मग आठ म्हणायचं की."