रिकाम्या निरोपाला लागणारा वेळ

लिहिण्याचा माझा काही अधिकार नाही, हे आधीच सांगतो. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तो पदार्थविज्ञान शिकायला. तेव्हा भाषा सांभाळून घ्यावी.

साठ सालानंतरची गोष्ट. वडील अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात, कापसातून सरकी काढायच्या कामाला होते आणि मी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. नापास झालो तर वडिलांबरोबर कारखान्यात जायचं, हे घरी ठरलेलं होतं.

प्रॅक्टिकलसाठी सरांनी मला आणि माझ्या जोडीदाराला तारयंत्र दिलं. दोन खोल्यांत दोघं, मधे तार. मी आधी हाक द्यायची, त्यानं तयार असल्याची खूण करायची, मग निरोप, शेवटी त्याची पोच. निरोपाची अक्षरं वाढवत न्यायची आणि हाकेपासून पोचेपर्यंतचा वेळ मोजून आलेख काढायचा.

रेघ सरळ आली, पण शून्यातून निघेना. निरोप कितीही लहान केला तरी काही सेकंद उरायचेच. आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या वह्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे यायच्या, आणि त्यांतली प्रत्येक रेघ शून्यातून गेलेली असायची. जोडीदार म्हणाला, “शून्यातून काढ न बे. सगळेच काढतेत.”

माझा धीर होईना. दुसऱ्या दिवशी मी निरोप पाठवलाच नाही. नुसती हाक, त्याची खूण आणि पोच. घड्याळात तेवढेच सेकंद आले, जेवढे आलेखावर उरत होते. निरोप असो वा नसो, ते जाणारच होते. मी रेघ होती तशीच ठेवली.

परीक्षक नागपूरकडचे होते. आलेखावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, शून्य अक्षरांना वेळ कसा लागतो? पाठ केलेलं इंग्रजी उत्तर ऐन वेळी आठवेना.

“सर, काईच सांगाचं नसलं तरी आवाज तं द्याच लागते. समोरच्यानं ओ बी म्हटलं पायजे.”

मागे जोडीदार खाली मान घालून हसला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मला जायला सांगितलं. बाहेर आल्यावर जोडीदार म्हणाला, “जा आता, सरकी काढत बस.”

सुटीत अकोल्याला आलो. मुकादमानं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. वडील निकालाचं विचारत नव्हते, पण कारखान्यातल्या मुनीमजींना त्यांनी माझा नंबर सांगून ठेवला होता. एका दुपारी ते जेवणाच्या सुटीआधीच घरी आले. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. आधी पाणी प्यायले.

“मुनीमजीनं पेपर पायला,” ते म्हणाले. “पास झाला तू. मुकादमाले सांगून आलो, ते जागा दुसऱ्याले दे म्हनून.”