एका ओळीत एकच काम

हिंगणघाटच्या सूतगिरणीत संगणक आला, तेव्हा तो सांभाळायला आम्ही दोघंच होतो. माझा जोडीदार आष्टीकडचा, माझ्यापेक्षा हुशार. रोज कोणत्या कापसाच्या किती गाठी एकत्र करायच्या, हे सांगणारा प्रोग्राम आम्ही बेसिक या संगणकाच्या भाषेत लिहिला होता; त्यात प्रत्येक ओळीला नंबर असतो. सकाळी तो त्यात बदल करायचा, दुपारनंतर त्याच्या प्रतीवरून मी, आणि दुसऱ्या दिवशी माझी प्रत चालायची. प्रत्येकाची फ्लॉपी वेगळी.

मला टापटिपीचा भारी सोस. घरी जाण्याआधी सगळ्या ओळींना दहा, वीस, तीस असे नवे नंबर पाडल्याशिवाय चैन पडत नसे. शिवाय जागा वाचावी म्हणून एकेका ओळीत मी चार-चार कामं कोंबायचो.

एका सकाळी आखूड धाग्याचा कापूस जास्त मिसळला गेला आणि कताईच्या साच्यांवर सूत तटातट तुटायला लागलं. साहेबांनी विचारलं, गाठींच्या हिशेबाला हात कुणी लावला? मी म्हणालो, त्याने. ते खरंच होतं. मी तर फक्त ओळी आवरल्या होत्या. दोन फ्लॉप्या ताडून बघाव्यात तर एकही नंबर जुळेना, चूक कुठे झाली ते दाखवता येईना. त्याची नोकरी गेली.

पुढे एकट्याला तो पसारा झेपेना, तेव्हा मी नियम केले. एका ओळीत एकच काम. दिलेला नंबर बदलायचा नाही. बदल कुणी केला आणि का, ते शेजारीच लिहायचं. फाइल साध्या अक्षरांत साठवायची, कुणालाही वाचता यावी अशी. जुन्या प्रतीही मी याच पद्धतीने उतरवल्या. मग त्या दिवशीची त्याची प्रत आणि माझी प्रत छापून खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या.

एकाच ठिकाणी फरक होता. अट असलेल्या ओळीला मी आखूड कापसाच्या गाठी कमी करण्याचं पुढचं काम जोडून टाकलं होतं. अट खोटी ठरली की ते कामही राहून जात होतं. त्याची प्रत बरोबर होती.

रविवारी कागद घेऊन आष्टीची बस धरली. तो संत्र्याच्या बागेत पाटाच्या पाण्याने ओलीत करत होता. चिखलाचे हात धोतराला पुसून त्याने दोन्ही कागद उभ्याउभ्याच वाचले. मी माफी मागितली.

"साहेबाले दाखवले का?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

त्याने कागदांची नीट घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

"मंग मले काऊन दाखवून राह्यला? मले तं तवाच माहीत होतं."