न बांधलेल्या गाठीचा नंबर

आदरणीय गंगाधरराव चिंतावार सरांची आणि माझी पहिली भेट जैनथ रोडवरच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात झाली. प्राध्यापकांशी भांडून मी दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडले होते. सरांनी मार्क विचारले नाहीत. भांडण कशावरून झाले तेवढे ऐकून घेतले आणि म्हणाले, "इथं मशीनशी भांडावं लागते. ते उलटून बोलत नाई." दुसऱ्या दिवसापासून मी रुईच्या गाठींच्या नोंदी करायला बसलो.

ती नोकरी मी का धरली, हे सरांनी ओळखले असावे. रुई दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसवरचे लक्ष्मणकाका डबा घरी विसरत आणि त्यांची मुलगी सुनंदा तो घेऊन येई. ती कॉलेजात माझ्याच वर्गात होती.

सर मूळचे बाजारहत्नूरच्या किराणा दुकानदाराच्या घरातले. वर्षानुवर्षे त्यांनी गाठींची वही हाताने लिहिली, चाळिशीनंतर कॉम्प्युटर शिकले आणि जिनिंगचा प्रोग्राम स्वतः तयार केला. त्यातली बटणे मराठीत आणि तेलुगूतही आहेत. इंग्रजी येत नाही म्हणून कोणा कामगाराला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागू नये, हा त्यांचा आग्रह.

सरांचा मोठेपणा मला कळला तो माझ्या चुकीतून. एका दुपारी यादीत १२४६ नंतर एकदम १२४८ आला. मधली गाठ गेली कुठे? सर जेवायला गेले होते. मी तडक प्रेसवर गेलो आणि सगळ्यांसमोर काकांना विचारले, नंबर काय हवेत उडतो? काका हसून म्हणाले, "उडाला असंन बाबू. मी त नाई खाल्ला." ते हसणे मला झोंबले आणि मी त्यांना चोर म्हणालो. डबा घेऊन आलेली सुनंदा मागेच उभी होती.

सर आले. रागावले नाहीत. आधी गोदामात जाऊन त्यांनी एकेक गाठ हात लावून मोजली. जितक्या नोंदी होत्या तितक्याच गाठी निघाल्या. मग त्यांनी मला समोर बसवले.

"सिक्वेन्स म्हणजे नंबर देणारा. मागितला की देते, अन् दिला की इसरते. मघाशी लाईट गेली, तुई नोंद अर्धी राह्यली, मशीननं ती पुसली. नंबर मात्र ते वापस घेत नाई."

का घेत नाही, असे मी विचारले. दोन प्रेस एकाच वेळी चालतात. एकाची नोंद पक्की होईस्तोवर दुसऱ्याने नंबरासाठी ताटकळत बसायचे का, असे त्यांनीच उलट विचारले. एक नंबर दोन गाठींना जाणार नाही, एवढीच त्याची हमी. मधला एकही सुटणार नाही, असे त्याने कधी म्हटलेलेच नव्हते.

मी म्हणालो, मग सिक्वेन्स मागे फिरवतो, १२४७ भरून टाकू, कोणाला कळणार नाही. सरांनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. त्याच्या पुढचा नंबर पुन्हा १२४८ येईल आणि तो तर एका गाठीला लागून बसलाय, हे मला सुचलेच नव्हते. "खड्डा बुजवू नको," ते म्हणाले. "काय झालं ते लिव." सुटलेल्या नंबरांची त्यांची एक वही आहे. तीत मी माझ्या हाताने लिहिले: १२४७, लाईट गेली, गाठ बांधलीच नव्हती.

त्याच संध्याकाळी सर मला ऑटोने जैनथला काकांच्या घरी घेऊन गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दोष स्वतःकडे घेतला: प्रोग्राम माझा, नंबर सुटतात हे मी पोराला आधी सांगायला पाहिजे होते. मी काकांच्या पाया पडलो. काका म्हणाले, पोरगे गरम आहे, पण खोटे नाही. सुनंदाने चहा आणला. निघताना ती माझ्याशी एकच वाक्य बोलली.

"नंबर मोजले, गाठी काऊन नाई मोजल्या?"

त्यानंतर ती बोललेली नाही. नर्सिंग शिकायला हैदराबादला गेली. सुट्टीत येते तेव्हा बसमधून उतरताना दिसते, घ्यायला आलेल्या काकांच्या हातची पिशवी घेते आणि निघून जाते. मी समोरच्या पानठेल्यावर उभा असतो. तिला ते माहीत आहे.

सरांशी मी हे कधी बोललो नव्हतो. पण यंदा त्यांनी स्वतः कॉलेजचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, आधी परीक्षा दे, मग जैनथला जाऊ, सोयरिकीचा शब्द मी टाकतो. पण उत्तर पोरीचं राहील, ते 'नाही' असं आलं तर मान खाली घालून परत यायचं. मी कबूल केले आहे. रोज सकाळी अभ्यासाला बसतो.

सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, ऑटोत चढताना हात धरावा लागतो. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, ही माझी प्रार्थना आहे, आणि तीत माझा स्वार्थ आहे हे लपवत नाही. त्या घरात एकट्याने पाऊल टाकण्याचा हक्क मी गमावला आहे. तिचे उत्तर काहीही येवो, ते ऐकताना सर माझ्या शेजारी बसलेले असावेत.